कडूबाईचा वरवंटा विमानात बसतो

राहात्याच्या कडूबाईची लेक स्नेहल बाळंतपणाला माहेरी यायची होती, पण नातीनं तीन आठवडे आधीच हैदराबादेत टाहो फोडला. पाचवीची पूजा दिवेलागणीला. त्या संध्याकाळी सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते आणि तिच्यापुढं कडूबाईच्या घराचा वरवंटा पूजलेला असतो. या घरातली सतरा पोरं त्याच दगडापुढं निजली होती. अठरावीला मिक्सरच्या भांड्यापुढं निजवायचं म्हणजे भलतंच!

चौथ्या रात्रीची बस ऐनवेळी रद्द झाली. सकाळी जावयानं दुपारचं विमान ठरवलं.

तिच्या नवऱ्यानं, बन्सीरावांनी, तीस वर्षं एसटी चालवलेली. ते हसले. "साडेसहाशे किलोमीटर सव्वा तासात? मधी चहाला तरी थांबंल का न्हाई?"

"आवो, हवेतून पाचशेच भरतंय, जावई म्हनला. वर वळनं नसत्यात."

"मंग ड्रायव्हरचं काय कौतुक!"

शिर्डीजवळच्या काकडी गावच्या विमानतळावर कडूबाईनं मोठी बॅग काट्यावर ठेवली. भरली बरोब्बर पंधरा किलो. तेवढीच परवानगी. वरवंटा मात्र मांडीवरच्या पिशवीत. देव काय सामानात कोंबायचा? तपासणीच्या यंत्रात तो दिसला आणि साहेब गडबडला.

"मावशी, दगड आत नेता येत नाही."

"दगड न्हाई, देव हाय."

"देवाला मोठ्या बॅगेतून पाठवा."

परत काउंटर. बॅग माघारी आली. वरवंटा आत गेला आणि काटा अठरावर. विमान सुटायला पाऊण तास.

"मावशी, तीन किलो काढा," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

कडूबाईनं भर हॉलमध्ये बॅग उघडली. डिंकाच्या लाडवांचा डबा हातातल्या पिशवीत गेला. अजून थोडं उरलं. तिनं नवी नऊवारी काढली आणि अंगावरच्या लुगड्यावरूनच, निऱ्या काढून, पदर खोचून नेसली. वर दोन शाली. रांगेतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. काटा चौदा किलो नऊशेवर थांबला. मुलगी हसत म्हणाली, "जा मावशी, पळा!"

विमानात ती दोन माणसांएवढी बसली. पट्टा लागता लागेना. पाण्याची बाटली संपते न संपते तोच शेजारीण म्हणाली, "आलं हैदराबाद."

"खरं सांगा. सोलापूर असंल."

पण जावई खरोखरच विमानतळाच्या दारात उभा होता. तिला सोडून, विमान उडाल्यावरच घराकडं निघालेल्या नवऱ्याला कडूबाईनं तिथूनच फोन लावला.

"पोचले! तुमी घरी हाय का?"

पलीकडं गोंगाट. "अजून चौकात. उसाची ट्रॉली आडवी पडलीया. दीड तास झाला."

"थांबा मंग. चहा पिऊन घ्या."

घरी पोचली तेव्हा खिडकीतलं ऊन पिवळं झालं होतं. स्नेहलनं आईकडं पाहून डोळे मोठे केले. "आई, केवढी जाड झालीस गं!" आईनं पाटावर तांदूळ मांडले, बॅगेतून वरवंटा काढला, हळदकुंकू लावलं आणि पुढं नातीला निजवलं. वही-पेन ठेवलं. समई लावली आणि समोर मांडी ठोकून बसली.

"ये गं सटवाई," ती म्हणाली. "समद्या पोरींत मोठं नशीब लिही. मी हितंच बसल्येय. वाचून बघनार हाय."