चित्रात नसलेला चाफा

मी शाळेत सायन्स शिकवते. भूत, भास असलं कुणी सांगायला लागलं की आधी चष्म्याचा नंबर विचारायचे. त्यामुळे आता मला कुणी हसलं तर बोलायची सोय नाही... पण चिडचिड होतेच!

आम्ही ठाकुर्लीला तिसऱ्या मजल्यावर राहतो. हॉलमध्ये एक वॉटरकलर आहे. शहाडला नदीकाठी एक ऐतिहासिक बंगला होता, त्याचं आणि बागेचं. माझी आजी तिथे माळीकाम करायची. महायुद्धात कल्याणला लष्कराची छावणी होती, तिथल्या एका गोऱ्या सैनिकाने हे चित्र काढलं आणि जाताना आजीला दिलं. बंगला कधीच पाडला. चित्र बाबांकडून माझ्याकडे आलं. बंगला, विहीर, गुलाबाचे वाफे, बाकी नुसती हिरवळ. लहानपणापासून पाठ आहे मला.

गेल्या मे महिन्यात रविवारी सकाळी काच पुसत होते. विहिरीच्या डावीकडे पांढरा चाफा! फुललेला. खाली फुलांचा सडा. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं... होताच. कल्याणला बाबांना फोन लावला.

"बाबा, आपल्या चित्रात चाफा होता का हो?"

बाबांनी उलट विचारलं, "कुठे दिसतोय?"

"विहिरीच्या डावीकडे."

"थांब. आलोच."

फोन हातातच होता, पण फोटो काढायचं सुचलं नाही — याचा राग अजून जात नाही. लिफ्ट बंद. बाबा गुडघे धरत वर आले. बेल वाजली, मी दार उघडून त्यांना आत आणलं... चित्रात नुसती हिरवळ.

"आत्ता होता बाबा! बेल वाजेपर्यंत होता!" मी अक्षरशः ओरडत होते.

बाबा खाली बसले. "माझ्याआधी एक मुलगी झाली होती आईला. दोन वर्षांची असताना गेली. त्या चाफ्याखाली पुरली. साहेब चित्र काढायला बसला तेव्हा आईने हात जोडले... एवढं झाड नको रंगवू, मला बघवणार नाही."

हे मला कुणी कधीच सांगितलं नव्हतं! बाबांनीही ते झाड पाहिलं नव्हतं, त्यांच्या जन्माआधीच तोडलेलं.

नंतर फ्रेमवाल्याकडून कागद तपासून घेतला. काही नाही. नवरा म्हणतो, काचेवर ऊन पडलं असेल. उन्हाने काय चाफा फुलतो? ज्यांच्याकडे उत्तर आहे त्यांचं मला पटत नाही.

त्या दिवशी बाबा शेवटी म्हणाले, "नेमकं कुठे? बोट ठेव."

मी ठेवलं. त्यांनी माझा हात हळूच बाजूला केला आणि तिथे आपलं बोट टेकवलं.

"आईला जागा विचारायचं धाडस नाही झालं गं कधी."