नऊच्या जागी निरंक

वाशिमच्या एका सरकारी कार्यालयात सुकेशनी कंत्राटावर होती. एक्सेल म्हणजे तिच्या हातचा मळ. शून्याच्या जागी आपोआप ‘निरंक’ उमटेल असा फॉरमॅट तिनंच बनवला, साहेबांनी कौतुकही केलं. या उन्हाळ्यात मात्र तोच तिच्या गळ्यात पडला. साहेब म्हणाले, “पाण्याच्या तक्रारीचा कोणताबी आकडा निरंकच दिसला पाह्यजे. पुसू नका, बेरजेले लागते. फक्त दिसू देऊ नका.”

कंत्राट संपत आलं होतं. तिनं फॉरमॅट बदलला. आता कोणताही आकडा टाका, दिसायचं निरंकच.

दुपारी अनसिंगकडच्या वाडीवरून सासूचा, भागिरथाबाईचा, फोन आला. “काव सुकेशनी, तक्रारी तर तुह्याच हापिसात देल्या आमी. टँकर काहून नाई येऊन राह्यला?”

तिनं वाडीच्या खणावर क्लिक केलं. खणात निरंक, वरच्या पट्टीत खरा आकडा, नऊ. त्यातली एक तक्रार सुकेशनीनं स्वतःच घरच्यांसाठी केलेली.

“पाह्यतो, आत्याबाई,” म्हणत तिनं फोन ठेवला.

“कोणाचा फोन होता? काई तक्रार?” साहेबांनी मान वर न करता विचारलं.

“निरंक, सर,” सुकेशनी म्हणाली.