ऑर्फा स्लोनचे कोरडे डोळे

“आज सकाळी उठले, तर तो माणूस माझ्या आत नव्हता.”

ऑर्फा स्लोन हे माझ्या ओसरीवर बसून म्हणाली. मांडीवर घेवड्याच्या शेंगांची टोपली, हातात सुई. ऑगस्टमध्ये आम्ही शेंगा दोऱ्यात ओवतो आणि त्यांच्या माळा ओसरीत टांगतो; हिवाळ्यापर्यंत त्या चामड्यासारख्या वाळतात. तिने सुई एका शेंगेतून आरपार घातली, दोरा ओढला आणि पुढची शेंग उचलली. आवाज होता तसाच होता. पाव फुगला नाही हे सांगतानाही ती असंच बोलायची.

“कोण माणूस?” मी विचारलं. खरं तर विचारायची गरज नव्हती.

“हार्लिस टॅकेट. दुसरा कोण?”

एकोणीस वर्षांपूर्वी खाणीचं छत कोसळून ऑर्फाचा नवरा डेनझिल गेला. हार्लिस त्या पाळीचा मुकादम होता. छत धरून ठेवणारे लोखंडी बोल्ट मारले होते, असं त्याने चौकशीत सांगितलं. डोंगराच्या मनात आलं, त्याला कोण काय करणार, असा निष्कर्ष निघाला आणि डेनझिलला टेकडीवर पुरलं. तेव्हापासून हार्लिस रस्त्यात दिसला की ऑर्फा ओढा ओलांडून पलीकडून जायची, मग पाण्यात बर्फ असो की पूर. देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, गीताची ओळ हार्लिसने आधी म्हटली आणि आम्ही सगळे ती लांबवत मागून गाऊ लागलो, की तिचे ओठ मिटायचे.

त्या द्वेषाची मला सवय झाली होती. तो शेजारच्या भिंतीसारखा होता; त्याच्या सावलीत मी निर्धास्त बसले होते. कारण माझा नवरा बर्ल त्याच पाळीत होता. त्या दिवशी घरी आल्यावर तोंडावरची कोळशाची भुकटी न धुताच तो मला म्हणाला होता, “चाळीस फुटांत एकही बोल्ट नव्हता.” चौकशीत मात्र त्याने सांगितलं, मी वर बघितलं नाही. आमची तीन मुलं होती, आणि दरीत खाण एकच होती. ऑर्फाशी मी बियाणं वाटून घेतलं, तिच्या न्यूमोनियात रात्री जागवल्या, तिच्या आईला न्हाऊ घातलं. हे एक सोडून सगळं तिला दिलं.

“असं एकाएकी कसं झालं गं?” मी विचारलं.

“एकाएकी नाही. रोज प्रभूची प्रार्थना म्हणायचे ना, तर ‘जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा केली’ या ओळीशी आले की ती गाळून पुढे जायचे. एकोणीस वर्षं गाळली. वाटायचं, देवाला कळतच असेल. काल ती तोंडातून निघून गेली. मी थांबले, घाबरले. मग पुन्हा म्हटली, मुद्दाम.” ती शेंगेकडे बघत होती. “इतकी वर्षं मी त्याला कोंडलंय असं समजत होते. दार उघडलं, तर आत मीच होते.”

“रडलीस?”

“नाही. भूक लागली. अंडी केली.”

इथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

आमच्या मंडळीत “माझं तारण झालं” असं कुणी म्हणत नाही. तो उद्धटपणा समजतात. फार तर म्हणायचं, थोडी आशा आहे. माणूस वर्षानुवर्षं ओझं वाहतो, मक्याच्या शेतात पालथा पडून रडतो, जेवण सोडतो, आणि साठीला आल्यावर कधीतरी पुढे येऊन, मला मंडळीत घ्या म्हणून उपदेशकाच्या हातात हात देतो. तोही डोळ्यांतल्या पाण्याने भिजून, लटपटत. माझ्या वडिलांना तर दोघांनी धरून आणावं लागलं होतं. डोळे कोरडे असलेला माणूस आमच्याकडे अजून वाटेतच आहे असं धरतात, नाहीतर खोटं बोलतोय असं.

आणि ही अंडी खाऊन आली होती.

जाताना टोपली काखेला लावून ती पायरीवर थांबली. “बर्लला सांग, मला बघून गोठ्यात शिरायची आता गरज नाही.”

“तो कशाला शिरेल गोठ्यात?”

“सांग नुसतं,” ती म्हणाली.

मी बर्लला सांगितलं नाही. मनात मात्र तेच घोळत राहिलं. हिला कळलंय का? कधीपासून? मग ही शांती कसली? कोणी गळ टाकताना पाणी हलू देत नाही, तशी तर नाही?

दरीत बातमी पसरायला दोन दिवस लागले. आमच्याच मंडळीतली ओमा रॅटलिफ मध मागायला आली आणि तासभर बसली.

“डॉक्टरने काहीतरी सांगितलं असणार तिला,” ओमा म्हणाली. “मरायला टेकली की माणसं गोड होतात. आमची सासू शेवटच्या आठवड्यात मला बाळ म्हणाली, बाई! मी दचकून हातातली बशी फोडली.”

“चांगली ठणठणीत आहे ती. काल लाकडं फोडत होती.”

“मग त्या शहरातल्या ढोलवाल्या देवळात गेली असेल. तिथे एका दुपारात तारण करून देतात, केस कापून दिल्यासारखं.” ओमाने आवाज खाली आणला. “हे बघ, सप्टेंबरच्या सभेत ती हात द्यायला येणार आहे. मंडळीत घेतली, की तिला बोलायचा हक्क. हार्लिसला सगळ्यांसमोर उघडा पाडायचं असेल तर याहून चांगली जागा कोणती?”

“ऑर्फा तशी नाही.”

“तशी कोण असतं गं? होतात.”

मी मधाची बरणी तिच्या हातात दिली. तिने बोललेलं प्रत्येक वाक्य मी आधीच मनात बोलून बसले होते.

सप्टेंबरच्या सभेला देऊळ भरलं होतं. पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे. बंधू एल्झी ऐंशीचे. मंडळीचं कामकाज तेच चालवत. गीत सुरू असताना शेवटच्या बाकावरून ऑर्फा उठली आणि मधल्या वाटेने चालत आली, दुकानात मीठ आणायला जावं तशी. तिने एल्झींचा हात धरला. गीत विरलं.

“सांग मुली,” एल्झी म्हणाले. बासष्ट वर्षांच्या बाईला मुली म्हणणारे दरीत तेवढेच उरले होते.

तिने सांगितलं. गाळलेली ओळ, म्हटलेली ओळ, कोंडलेला माणूस. तिने हार्लिसचं नाव एकदाच घेतलं: “मी हार्लिस टॅकेटला मनापासून क्षमा केली. ख्रिस्ताने माझ्याकडून करवली. माझ्याने झाली नसती. मी मोकळी झाले. ओढ्यात बाप्तिस्मा घ्यावा आणि तुमच्यात बसावं, एवढीच इच्छा आहे. दुसरं काही मागायचं नाही.”

बायकांच्या बाजूला कोणी रडलं नाही. सगळ्या तिच्या डोळ्यांकडे बघत होत्या.

“कोणाची हरकत?” एल्झींनी विचारलं. आमच्याकडे एकाचा जरी नकार असला, तरी माणूस आत घेतला जात नाही.

हार्लिस उठला. चाळीस वर्षं खाणीत वाकून त्याची पाठ कमानीसारखी झाली होती. तीस वर्षं तो मंडळीत होता. त्याच्यासारखं गीत कोणाला उचलता येत नसे.

“हरकत आहे असं नाही म्हणत मी. एक विचारायचंय फक्त,” तो म्हणाला. “क्षमा कशाची केली बाईंनी?”

“हार्लिस, बस,” एल्झी म्हणाले.

“नाही बंधू, विचारू द्या. क्षमा केली म्हणजे गुन्हा झाला. मी काय केलं? चौकशी झाली, निकाल लागला. आता या इथे उभ्या राहून गोड शब्दांत मला खुनी म्हणतायत, आणि मी मान डोलवायची?” त्याचा आवाज चिरकला. “त्यांनी एवढंच म्हणावं की हार्लिसचा दोष नव्हता, क्षमा करण्यासारखं काही नव्हतं. म्हणू द्या. मग पहिला हात माझा.”

“म्हण ना गं,” मागून ओमाची कुजबुज आली. “दोन शब्द तर आहेत.”

ऑर्फा एल्झींकडे वळली. मग म्हणाली, “ते मला म्हणता येणार नाही. ते खरं नाही. खरं असतं तर क्षमेची गरज काय होती?”

“ऐकलंत?” हार्लिस म्हणाला.

पुरुषांच्या बाकांवर बर्ल होता. त्याने मान वर केली आणि वाटेपलीकडून माझ्याकडे पाहिलं. एकोणीस वर्षांत इतकं उघडं त्याने माझ्याकडे पाहिलं नव्हतं. त्याचे हात गुडघ्यांवर होते, उठणाऱ्या माणसाचे असतात तसे. बोल्ट नव्हते, एवढं एक वाक्य तो बोलला असता तर हार्लिसची हरकत उरली नसती, ऑर्फा आत आली असती, आणि मग दरीत आम्हाला कोणत्या तोंडाने राहावं लागलं असतं, हे मी मोजू लागले. मुलं मोठी झाली होती, खाण बंद होऊन आठ वर्षं झाली होती. भ्यायला काही उरलं नव्हतं. तरीही मी मान हलवली. नाही.

बर्लने आपल्या बुटांकडे पाहिलं.

“हरकत धरायची का, हार्लिस?” एल्झींनी हळू विचारलं.

“धरा.”

एल्झींनी ऑर्फाचा हात सोडला नव्हता. ऑर्फानेच तो हलकेच सोडवून घेतला. ती हार्लिसच्या बाकाशी गेली आणि हात पुढे केला. गीतानंतर आम्ही एकमेकांना देतो तसाच, साधा. हार्लिसचे हात पाठीमागे होते. ते तिथेच राहिले. तो एकच हात हवेत होता.

मी तिच्या चेहऱ्यावर राग शोधत होते. दिसला असता तर मला बरं वाटलं असतं. सगळं कळलं असतं. ओठांच्या कडा पाहिल्या, गळ्याची शीर पाहिली. आत कुठेतरी असणारच, असं मला तेव्हा वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर अजूनही वाटतं.

तिने हात खाली घेतला. मधल्या वाटेने परत येताना ती माझ्या बाकाशी क्षणभर थबकली, माझ्या खांद्यावरची घसरलेली शाल नीट केली, आणि दारातून बाहेर पडली.