टीव्हीतला डॉक्टर आणि आमचे टिपणीस

डोंबिवलीच्या त्या नर्सिंग होममध्ये एकत्र नोकरी केलेली आम्ही मंडळी अजूनही कुठल्या ना कुठल्या लग्नात भेटतो. आधी गुडघ्यांची चौकशी होते, मग सुनांची, मग कोणाच्या मुलाला कुठे नोकरी लागली त्याची. आणि मसालेभात पानात पडायच्या आत कोणीतरी म्हणतंच, "अगं, डॉक्टर टिपणिसांचं ते आठवतं का?" झालं! नवरा-नवरी राहतात स्टेजवर आणि आमचं टेबल पोचतं थेट त्या जुन्या वेटिंग हॉलमध्ये. हे किस्से आम्ही मुद्दाम कधी जमवले नाहीत. टिपणीस सकाळी दवाखान्यात पाऊल टाकायचे आणि संध्याकाळपर्यंत एखादा किस्सा आपसूक घडून गेलेला असायचा. इतक्या वर्षांत किती झाले, कोण जाणे.

मी तेव्हा नर्सिंगचं ट्रेनिंग संपवून नुकतीच लागलेले. टिपणीस म्हणजे उंच, किडकिडीत, चष्मा कायम कपाळावर सरकवलेला. निदान असं करायचे, की मोठमोठ्या हॉस्पिटलांतून हात हलवत परत आलेले पेशंट त्यांच्याकडे यायचे. आणि जीभ अशी, की खडखडीत बरा झालेला माणूसही जाताना रुसून जायचा. "विचारलंय तेवढंच सांगा!" हे वाक्य त्यांच्या केबिनमधून दिवसभर ऐकू यायचं.

त्याच सुमाराला टीव्हीवर एक मालिका लागायची. आठवड्यातून एकदा, संध्याकाळी. तिच्यातला डॉक्टर भयंकर हुशार आणि तितकाच तिरसट. आमच्या वेटिंग हॉलमध्ये ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. त्या संध्याकाळी तब्येत बरी असलेली माणसंही पेशंट म्हणून येऊन बसायची.

---

एकदा मालिकेतला डॉक्टर कोणा पेशंटच्या भावावर असा काही ओरडला, की हॉलमधल्या एक काकू खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "असाच पाहिजे! माणसाला सुनावल्याशिवाय कळतच नाही. डॉक्टर असावा तर असा!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात काकूंचा नंबर आला. त्या आत गेल्या. आतून टिपणिसांचा आवाज, "गोळ्या अर्ध्यात बंद करायला कोणी सांगितलं? शेजारणीने? मग माझ्याकडे कशाला येता? शेजारणीकडेच जा ना!"

काकू बाहेर आल्या त्या डोळ्यांना पदर लावून. "माणूस आहे की कोण! बोलायची काही पद्धत?"

रिसेप्शनवर आमच्या जोशीबाई बसायच्या. पन्नाशीच्या, शांत, तोंडात कायम लवंग. त्यांनी काकूंना पाण्याचा ग्लास दिला आणि म्हणाल्या, "अहो, टीव्हीतला डॉक्टर दुसऱ्यांवर ओरडतो, म्हणून तो आवडतो."

मी हे वाक्य पुढे बऱ्याचदा मनात घोळवलं. पण तेवढंच कारण असतं, तर तेच लोक पुढच्या आठवड्यात टिपणिसांकडेच का आले असते? काकूसुद्धा आल्या. गोळ्यांचं रिकामं पाकीट घेऊन आल्या, पूर्ण संपवल्या हे दाखवायला!

---

टिपणीस स्वतः ती मालिका बघत नसत. फक्त एकदा, केबिनमधून चहासाठी बाहेर आले आणि खुर्च्यांच्या मागे उभे राहिले. आम्हाला घाम फुटला. टीव्हीतल्या डॉक्टरने दारातूनच पेशंटकडे एक नजर टाकली आणि रोग ओळखला. संगीत वाजलं. हॉलमध्ये कोणीतरी टाळीसुद्धा वाजवली.

भाग संपेपर्यंत टिपणीस कप हातात धरून उभे. कोणी मागे वळून बघेना. शेवटी एका आजोबांनी धीर केला. "कसा वाटला डॉक्टर?"

"हुशार आहे," टिपणीस म्हणाले. "आठवड्याला एक पेशंट बघतो. मलाही आठवड्याला एकच द्या, मग बघा!"

आणि कप जोशीबाईंच्या टेबलावर ठेवून आत गेले. पुढचा नंबर कोणाचा, तेही ओरडूनच विचारलं.

---

एकदा ऐन रंगात आलेल्या भागात लाइट गेले. मालिकेतली एक बाई दिवसेंदिवस वाळत चालली होती आणि तिला काय झालंय ते कोणालाच कळत नव्हतं. आता कळणार, एवढ्यात टीव्ही बंद! हॉलभर हळहळ. जोशीबाईंनी मेणबत्ती लावली. टिपणीस वैतागून बाहेर आले, तर त्याच आजोबांनी त्यांना अडवलं. "डॉक्टर, तुम्हीच सांगा. तिला काय झालं असेल?"

मला वाटलं, आता आजोबांचं काही खरं नाही. पण टिपणिसांनी स्टूल ओढलं. "लक्षणं सांगा."

मग काय! सगळा हॉल एकदम बोलायला लागला. "जेवते व्यवस्थित, पण वाळतेय." "रात्रभर डोळ्याला डोळा नाही." "हात थरथरतात, परवा तिच्या हातून कपबशी पडली." सख्ख्या बहिणीबद्दल सांगावं तसं सांगत होते. टिपणिसांनी दोन-चार प्रश्न विचारले. घाम येतो का? छातीत धडधडतं का? "हो हो, धडधडतं! जिना चढताना छातीला हात लावलेला!"

"थायरॉइड," टिपणीस म्हणाले आणि उठले.

त्या बाईची गोष्ट पुढच्या भागातही चालू होती, म्हणून पुढच्या आठवड्यात हॉल खच्चून भरला. मालिकेत निघालं भलतंच. त्या बाईने म्हणे मनाला काहीतरी लावून घेतलं होतं. मग आजोबा ठामपणे म्हणाले, "टीव्हीवाल्यांचं चुकलं!" आणि सगळ्यांना ते पटलं.

एवढ्यावर हा किस्सा हसण्यावारी गेला असता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी एक तरुण बाई आली. कोणत्यातरी ऑफिसात टायपिस्ट होती. आदल्या संध्याकाळी मागच्या बाकावर सासूबरोबर बसलेली मला आठवत होती. ती केबिनमध्ये गेली आणि दोन्ही हात टिपणिसांपुढे धरले. बोटं थरथरत होती.

"मलाही सगळं तसंच होतं," ती म्हणाली. "घरी म्हणतात, नोकरीचं टेन्शन घेतेस. सोडून दे."

तपासण्या झाल्या. थायरॉइडच होतं. औषध लागू पडलं आणि तिची नोकरीही टिकली. टिपणीस तिला एकदाच ओरडले, "इतके महिने काय करत होतात?" ती म्हणाली, "डॉक्टर, मला कोणी लक्षणं सांगाच म्हणालं नाही."

 

---

दिवा गावाहून एक सासू सुनेला घेऊन आली. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. सगळं सासूच बोलत होती. सून जमिनीकडे बघत उभी.

"मुलगा कुठाय तुमचा?" टिपणिसांनी विचारलं.

"कामावर. त्याला कशाला? त्याला काही झालेलं नाही."

"मग हिलाही काही झालेलं नाही. घरी जा."

सासू इतकी चिडली, की जिना उतरेपर्यंत तिचं बोलणं ऐकू येत होतं. मला वाटलं, गेली ही केस. महिन्याभराने एक पुरुष एकटाच आला. केबिनच्या दाराशी जाऊन म्हणाला, "डॉक्टर, मी तो कामावर असलेला."

टिपणिसांनी त्याला आत घेतलं आणि दार स्वतः उठून लावलं. आत काय बोलणं झालं ते माहीत नाही. पण त्या दिवशी बाहेर जराही आवाज आला नाही.

---

आता हा जरा वेगळा. एमआयडीसीतल्या एका लहानशा कारखान्यात जुन्या बॅटऱ्या फोडण्याचं काम करणारे सावंत म्हणून एक गृहस्थ होते. पोटात इतकं दुखायचं, की गुडघे छातीशी घेऊन बसायचे. कोणी अल्सर सांगितला, कोणी गॅस. टिपणिसांनी पोट तपासायच्या आधी त्यांचा ओठ वर उचलला. हिरड्यांवर निळसर रेघ होती. मला बोलावून दाखवली.

"हे बॅटऱ्यांतलं शिसं आहे सिस्टर, पोटात गेलेलं." मग सावंतांकडे वळले. "तुमचं पोट नाही बिघडलेलं. तुमची नोकरी बिघडलेली आहे."

टीव्हीवर असतं, तर इथे संगीत वाजून भाग संपला असता. इथे सावंत खुर्चीवरच बसून राहिले. म्हणाले, "डॉक्टर, पोट दुखतं ते एकट्याचं. नोकरी गेली तर घरातल्या सगळ्यांचं दुखेल."

टिपणिसांनी उपचार सुरू केलेच, पण त्यांना चैन पडेना. एक दिवस ओपीडी सोडून त्या कारखान्यात गेले. मालकाशी भांडले. मालकाने बाहेरचा रस्ता दाखवला. लालबुंद होऊन परत आले आणि जोशीबाईंना म्हणाले, "तुमच्या मेहुण्यांचा छापखाना आहे ना? तिथे लावू या सावंतांना." जोशीबाई निरोप पाठवायला उठतायत, तेवढ्यात टिपणिसांनी स्वतःच्या कपाळावर हात मारला. "थांबा! तिथले छपाईच्या अक्षरांचे खिळेही शिशाचेच!"

शेवटी ते एका शाळेच्या मुख्याध्यापकांच्या मागे लागले. मुख्याध्यापक त्यांचे पेशंट. बीपी वाढलेलं. "तुमचा शिपाई रिटायर होतोय ना? मग ह्यांना घ्या." मुख्याध्यापकांनी ऐकलं. माझ्या मते घाबरून ऐकलं. पुढे कितीतरी वर्षं सावंत त्या शाळेची घंटा वाजवत होते.

---

मालिकेतला डॉक्टर कधी चुकला नाही. आमचा चुकला. कल्याणची एक कॉलेजातली मुलगी होती. हातपाय दुखतात, उठवत नाही म्हणायची. टिपणिसांनी तपासलं आणि तिच्या वडिलांना सुनावलं, "परीक्षा जवळ आलीय, दुसरं काही नाही. लाड बंद करा." वडिलांनी लाड बंद केले. थोड्या दिवसांनी मुलगी तापाने फणफणली आणि दुसऱ्या हॉस्पिटलात तिच्या हृदयाच्या झडपेचं दुखणं निघालं. संधिवाताचा ताप होता तो. वेळेवर कळलं, वाचली.

हे समजल्यावर टिपणीस मला म्हणाले, "सिस्टर, तुम्ही कल्याणला राहता ना? मला तिचं घर दाखवा."

संध्याकाळी आम्ही गेलो. दार वडिलांनी उघडलं. टिपणीस आत न जाता उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "माझी चूक झाली. मी तुमच्या मुलीचं ऐकून घेतलं नाही."

वडील काहीतरी बोलायच्या तयारीने आले होते. ते दारातून बाजूला झाले. आतून आई आली. तिलाही काय करावं सुचेना, मग तिने चहा टाकला. मुलगी पलंगावर होती. टिपणीस तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, "आता सांग. पहिल्यापासून सांग." ती सांगत होती आणि ते ऐकत होते. मधे एकदाही तोडलं नाही. चहाचा एक घोट मी घेतला, त्यात साखरच नव्हती. घाईत राहिली असेल. टिपणिसांनी कप शेवटपर्यंत संपवला.

त्या दिवसानंतर "विचारलंय तेवढंच सांगा" हे वाक्य आम्ही पुन्हा ऐकलं नाही. बाकीचं ओरडणं मात्र चालू राहिलं!

---

आणि जानकीबाय.

जानकीबाय खाडीकडच्या कोळीवाड्यातली. वय झालेलं, पाठ ताठ, नाकात ठसठशीत नथ. बीपीसाठी यायची. टिपणीस तिला "मीठ बंद, सुकी मासळी बंद" सांगायचे आणि ती दर वेळी खाऊनच यायची. मग केबिनमध्ये जुगलबंदी. "जानकीबाय, परत सुकट खाल्लीस!" "नाय खाल्ली." "तुझं बीपी सांगतंय!" "त्याला कोन इचारतो!" बाहेर येताना ती खूश असायची. जोशीबाईंना सांगायची, "आज लय ओरडला गं." जणू काही प्रसादच मिळाला.

एका वर्षी ती बारीक झाली. पोटात गोळा लागत होता. टिपणिसांनी तिला मुंबईला पाठवून तपासण्या करून घेतल्या. रिपोर्ट घेऊन तिचा मुलगा तिला परत घेऊन आला, तेव्हा मी केबिनमध्येच होते. टिपणिसांनी रिपोर्ट वाचले. चष्मा डोळ्यांवरून काढून टेबलावर ठेवला.

"या जानकीबाय," ते म्हणाले. "बसा. कशा आहात तुम्ही?"

जानकीबाय बसायला वाकली होती, ती तशीच थांबली. तिने डॉक्टरांकडे पाहिलं, मग मुलाकडे वळली.

"चल रं, घरा जाऊ. डाक्टर गोड बोलाला लागला."

मुलाला काही कळलं नाही. म्हातारी दारापर्यंत गेली, कडीला हात घातला.

टिपणिसांनी टेबलावर जोरात हात आपटला.

"जानकीबाय! परत सुकट खाल्लीस ना?"

ती दाराशी पाठमोरी उभी राहिली. मग हळूच वळली, खुर्चीपाशी आली आणि पदर सारखा करून बसली.

"थोडीशीच," म्हणाली.