मक्यातला शिपाई

२००४ साल. मला एकाहत्तर पूर्ण झाली होती आणि मुलाच्या हट्टापायी मी अमेरिकेत वेस्ट विंडसरला येऊन राहिलो होतो. जूनमध्ये यायचं आणि दिवाळी करून डिसेंबरात, थंडीच्या तोंडावर परत जायचं, हे मी गावातून निघतानाच ठणकावून सांगितलं होतं. माझी शाळा चौथीपर्यंत. इंग्रजीचं एक अक्षर येत नाही, आणि येत नाही म्हणून मी कधी कुणापुढे मान खाली घातली नाही.

मुलाची कॉलनी जिथं संपते तिथं एक रस्ता आहे, आणि रस्त्याच्या पलीकडं शेत. अमेरिकेत शेत बघायला मिळेल हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! मका गुडघ्याएवढा झाला होता. ओळी दोरी लावल्यासारख्या सरळ, कारण पेरणी मशीनची. पण शेताच्या मधोमध सगळ्या ओळी वाकलेल्या होत्या. ओढ्यात धोंडा असला की पाणी दोन्ही अंगांनी फुगून जातं ना, तशा. मी थांबलो. मशीनवर बसलेला माणूस उगाच वळत नाही. मध्ये काहीतरी असणार.

गेलो आत. मध्ये एक पांढरा दगड, गुडघ्याएवढाच, एका बाजूला कललेला. त्याच्यावर कोरलेली अक्षरं, भोवती गवत माजलेलं. मी बघत उभा असताना एक म्हातारा रस्त्यावर गाडी लावून मागून चालत आला. माझ्यापेक्षा आठदहा वर्षांनी मोठा असेल, गुडघे गेलेला. मी वाट चुकलोय असं समजून त्यानं कॉलनीकडं बोट दाखवलं. मी हललो नाही. मी दगडाकडं बोट दाखवलं. त्यानं पुन्हा कॉलनीकडं. मी पुन्हा दगडाकडं. शेवटी तो हसला आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला. म्हणजे दगड त्याच्या घरचा.

घरी आल्यावर सून चिडली. "बाबा, इथं असं कुणाच्या प्रॉपर्टीत शिरायचं नसतं. लोक पोलिसांना कॉल करतात."

"मग तू चल बरोबर. रविवारी जाऊ."

"मी कशाला?"

"मला विचारायचंय दगड कुणाचा ते. तुझं इंग्रजी काय फक्त ऑफिसला वापरायचं?"

सून नागपूरची. उलटं बोलते, पण येते. रविवारी ती आली, आणि म्हाताऱ्यानं आम्हाला त्याच्या कोठारात बसवून सगळं सांगितलं. तो सांगायचा, ती मला मराठीत सांगायची.

दगड त्याच्या पणजोबांचा. दीडशे वर्षं होत आली त्याला. तेही शेतकरीच, आणि हेच शेत. गव्हासाठी नांगरणी चालली होती आणि रस्त्यावरून गावची पोरं लढाईला निघाली होती.

"कुणाशी लढाई?" मी विचारलं.

"आपसातच, बाबा. देशाचे दोन भाग झाले होते. एक भाग म्हणायचा गुलाम ठेवणार, दुसरा म्हणायचा ठेवू देणार नाही. हे ठेवू देणार नाही म्हणणाऱ्यांच्या बाजूचे."

"यांच्याकडं होते का गुलाम?"

सुनेनं विचारलं. म्हाताऱ्यानं मान हलवली. "नाही म्हणतात. स्वतःच राबायचे."

"मग हे पणजोबा गेले कशाला? उभं काम टाकून?"

 म्हातारा म्हणाला, हेच माझ्या आजोबांनी आपल्या वडिलांना विचारलं होतं. तर ते म्हणाले होते, दुसऱ्याला फुकट राबवून पिकवतो त्याला मी शेतकरी म्हणत नाही. बास. लढाईबद्दल आयुष्यात एवढंच बोलले.

त्या दिवशी त्यांनी नांगर मातीत तसाच सोडला, घोडा बायकोच्या हाती दिला आणि रस्त्यावरच्या पोरांत जाऊन मिसळले. तीन वर्षांनी परत आले ते डावा हात कोपरापासून गमावून. बायकोनं तोवर शेत पेरलं होतं, पण तो नांगर तिनं तिथून उचलला नव्हता. त्याला वळसा घालून ती पेरत राहिली. ज्यानं रोवला तो येऊन उपटेल, असं तिचं म्हणणं. आल्यावर त्या माणसानं काय करावं? चामड्याचा एक पट्टा शिवला. पट्ट्याचं एक टोक नांगराच्या डाव्या मुठीला, दुसरं स्वतःच्या खांद्यात. उजव्या हातानं एक मूठ धरायची, दुसरी खांद्यानं ओढून धरायची. आणि जिथं सोडलं होतं तिथूनच पुढं नांगरायला सुरुवात केली.

म्हाताऱ्यानं उठून खुंटीवरचा पट्टा काढून दाखवला. सुकून लाकडासारखा झालेला, पण खांद्याचा बाक तसाच होता त्यात. मी जन्मभर नांगर धरलाय. दोन हातांनी धरूनसुद्धा खडकाळ जमिनीत खांदे निखळतात. एका हातानं हा माणूस म्हातारा होईपर्यंत नांगरत होता! मी चपला काढल्या आणि पट्ट्याला हात लावून कपाळाला लावला. म्हाताऱ्यानं पट्टा परत खुंटीला अडकवला.

मरताना त्यांनी सांगितलं होतं, जिथं काम सोडून गेलो तिथंच मला पुरा. तेव्हापासून पोरगा, नातू, पणतू, सगळ्यांनी त्या जागेला वळसा घातला. घोडे गेले, ट्रॅक्टर आले, वळसा तोच.

"आता संपलं," म्हातारा म्हणाला. त्याच्यानं शेती होत नव्हती. मुलगा दूरच्या शहरात नोकरीला. त्यानं जमीन एका मोठ्या मशीनवाल्याला कसायला द्यायचं ठरवलं होतं, आणि मशीनवाल्याला मध्ये दगड नको होता. म्हणून दगड आणि खालची हाडं चर्चच्या आवारात हलवायची. "मुलगा विचारतो, तुमच्यानंतर वळसा कोण घेणार, गवत कोण काढणार?  शेवटी हलवायला मी हो म्हटलं. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही."

तीन पिढ्यांनी जपलेलं त्याच्या हातून सुटत होतं. मलाही त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मका काढून झाला आणि दसरा आला. आमच्या गावी माझ्या शेताच्या बांधावर एका वीराचा दगड आहे. कोण होता, कुणासाठी लढला, कुणाला ठाऊक नाही. पण दसऱ्याला त्याला शेंदूर आणि नारळ चुकत नाही. आता इथं हाकेच्या अंतरावर एक शिपाई पडलाय, त्याचं सगळं ठाऊक आहे, आणि मी घरात बसून श्रीखंड खाऊ? देव्हाऱ्यातली पुडी घेतली, शेंदूर गोडेतेलात कालवला, आणि सकाळी जाऊन दगड वरपासून खालपर्यंत माखला. अक्षरंसुद्धा बुजली. नारळ फोडला. आपटा नव्हता, म्हणून लाल झालेली मेपलची पानं सोनं म्हणून वाहिली. दगड उन्हात असा झळकत होता की रस्त्यावरून दिसावा.

दिसलाच. त्याच दुपारी म्हाताऱ्याचा मुलगा दगड हलवणाऱ्याला जागा दाखवायला आला होता. तासाभरात बापलेक आमच्या दारात. मुलगा लालबुंद. सून नेमकी घरी होती.

"काय म्हणतो?"

"म्हणतो, आमच्या पूर्वजांच्या थडग्याची विटंबना केली."

"त्याला सांग, विटंबना तू करणार आहेस. मेलेल्या माणसाला त्याच्या शेतातून उठवून."

"बाबा, हे मी नाही सांगणार."

"सांग."

"नाही म्हणजे नाही!"

म्हाताऱ्यानं मध्येच तिला विचारलं, हे काय म्हणतात? खोटं बोलणं तिच्या स्वभावात नाही. तिनं सांगून टाकलं. मुलगा आणखी तापला. म्हातारा मात्र माझ्याकडं बघत होता. त्यानं विचारलं, तो केशरी रंग कशाचा?

मी म्हटलं, "आमच्याकडं दगडाला एकदा शेंदूर लागला की तो दगड कुणी हलवत नाही. सरकारी रस्ता आला तरी रस्ता वळतो, दगड राहतो."

सुनेनं ते हळूहळू, नीट सांगितलं. म्हातारा आधी खोकला. मग मला कळलं की तो हसतोय. हसता हसता त्याला कठड्याला धरावं लागलं.

"ऐकलंस?" तो मुलाला म्हणाला. "आता हलवता येत नाही."

"डॅड, ती त्यांची पद्धत आहे. आपली नाही."

"वळसा तर आपलाच आहे ना?" म्हातारा म्हणाला. "त्या मशीनवाल्याला कळव. वळसा घेणार असेल तर जमीन, नाहीतर पडीक राहू दे."

मुलानं तेच जुनं विचारलं, गवत कोण काढणार? मी सुनेला म्हटलं, सांग, डिसेंबरपर्यंत मी. तिनं सांगितलं, आणि पुढं आणखी काहीतरी बोलली. मुलाचा चेहरा जरा सैल पडला. त्यानं तिच्याकडं, मग बापाकडं पाहिलं आणि जाऊन गाडीत बसला. म्हातारा पायरी उतरताना थांबला. एकच मागणं होतं त्याचं, नाव तेवढं दिसू द्या.

"तू काय सांगितलंस त्याला?" मी सुनेला विचारलं.

"डिसेंबरनंतर मी काढीन म्हटलं. आता आत चला. आणि यापुढं मला विचारल्याशिवाय या देशात कशालाही शेंदूर लावायचा नाही."

देवाला लावलेला शेंदूर मी कधी पुसला नव्हता. पण शिपाई माझा नव्हता, म्हाताऱ्याचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाताऱ्याच्या कोठारातला विळा मागून घेतला आणि शेतात गेलो. दगडाभोवतीचं गवत बुडापासून कापलं. मग खाली बसून काडीनं एकेका अक्षरातला शेंदूर कोरून काढला. वाचता एकही येत नव्हतं, पण एकही सोडलं नाही.