यांगदोलच्या छपरावरचा उशिराचा धूर

आमच्या गावाच्या डोक्यावरच खिंड आहे. रस्ता झाला तशी जगभरची माणसं बर्फ बघायला वर जाऊ लागली. कठडा आला, शिखरांच्या नावांचा फलक आला. खाली गाव दिसतं, त्याचं नाव मात्र फलकावर नाही. त्यावरून मी कचेरीत भांडलोय, पुन्हा भांडेन. आणि साऱ्या गावाची आमा, म्हातारी यांगदोल? जन्म याच गावात गेला, पण खिंडीत कधी गेली नाही. गाडीत तिला मळमळायचं.

तिचा नवरा मोरुप बर्फ हटवायच्या यंत्रावर होता. हिवाळाभर मुक्काम वरच. घरी आला की सांगायचा, "वरून आपल्या घराचा धूर दिसतो मला. रोज सकाळी तो बघतो, मगच यंत्र चालू करतो."

"एवढ्या छपरांतून आपलंच बरं ओळखतोस! थापाड्या!"

नवराबायकोचं हे भांडण आयुष्यभर पुरलं. गेल्या थंडीत मोरुप गेला आणि ते अर्धंच राहिलं.

यंदा लोसरचा सण आटोपला तशी ती माझ्या दारात उभी. "नोनो, गाडी काढ. त्याच्या नावाची पताका खिंडीत बांधायचीय. पण आधी मला बघू दे, खरं बोलायचा की खोटं."

सकाळी छपरावर देवांसाठी शुक्पाचा पाला जाळायचा, हा आमच्याकडे घरोघरचा नेम. मोरुप म्हणायचा तो हाच पांढरा धूर. शेजारच्या पाल्मोला तिने बजावलं, "उद्या माझ्या छपरावरचा शुक्पा तू पेटव. विसरलीस तर बघ."

उजाडता उजाडता निघालो. गालात सुकी जर्दाळू धरून ती डोळे मिटून बसली होती. वळणं चढत गेली तसा खालचा आवाज मिटत गेला. पुढे रस्ता कुठे संपतो नि आभाळ कुठे लागतं, तेच कळेना. आपण चढतोय की तरंगतोय, असं झालं.

वर पोचलो. शिखरांकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. कठड्याला पोट टेकून थेट खाली वाकली. सांडलेल्या सातूच्या दाण्यांएवढं गाव. छपराछपरावरून धूर निघत होता आणि जरा वर येऊन सगळा एकात एक मिसळत होता.

"यातला माझा कुठला रे?"

कुणालाच सांगता आलं नसतं.

"थापाड्या," ती म्हणाली. या वेळी अगदी हळू. पताका तिने पिशवीतच ठेवली. मला त्या मेलेल्या माणसाचा असा राग आला!

थर्मासमधला लोण्याचा चहा घेत नुसते बसलो. धूर विरत गेला. गाव निवांत, कोरं झालं. आणि ही एकदम हसायला लागली.

"माझी सासू काय म्हणायची, ठाऊक आहे? सगळ्या गावचा धूप घेऊन देव झोपले की आमची सून शुक्पा पेटवते! छपरावर ऊन आल्याशिवाय जागच यायची नाही मला. ती मेली पाल्मो सगळ्यांबरोबर पेटवून मोकळी!" तिने रिकाम्या हवेत बोट रोखलं. "माझा आत्ता निघायचा. एकटाच."

"मग एवढी वर्षं त्याने हे सांगितलं का नाही, आमा?"

"सांगितलं असतं तर लाजेने लवकर उठले नसते का मी?"

नसलेल्या त्या धुराकडे आम्ही दोघं किती वेळ बघत बसलो, कुणास ठाऊक. मग तिने पताका बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि ओरडली, "की की सो सो ल्हारग्यालो!" देवांचा जयजयकार, पण शिव्या घालायच्या सुरात.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच वर गेलो. गावचा धूर निघाला, मिसळला, विरला. मी थांबलो. ऊन उतरत उतरत एका छपरावर गेलं आणि तिथून एक बारीक, पांढरा दोरा सरळ वर आला.

तो बघितला, मगच गाडी चालू केली.