नाव घातलेलं ताट

शेजारच्या बारशाला पंगतीत बसलो. ताटात भात पडण्याआधीच काठावर कोरलेली बारीक अक्षरं दिसली : ‘चि. सुमन हिस, मामाकडून.’

“ही सुमन कोण हो?” मी यजमानांना विचारलं.

“काय माहीत! ताटं नगरपालिकेच्या भांडी बँकेतली आहेत.”

नगरपालिकेबद्दल माझ्या तोंडून सहसा बरा शब्द निघत नाही, पण हे त्यांनी चांगलं केलंय. लोकांनी घरातली जादा भांडी द्यायची, बचत गटाच्या बायकांनी ती घासूनपुसून, ज्याच्या घरी कार्य असेल त्याला वापरायला द्यायची. बायकांना काम मिळालं, आणि मागच्या नाल्यात थर्माकोलच्या ताटांचा खच पडायचा, तोही दिसेनासा झाला.

एव्हाना सगळी पंगत आपापली ताटं वाचू लागली होती. कुणाकडे वास्तुशांतीची भेट आली होती, कुणाकडे कुणाच्या तरी मुंजीची. वाढणाऱ्या काकू शेवटी करवादल्या, “आधी जेवा, मग वाचा! वरण निवतंय.”

भांड्यावर नाव घालायचं ते फिरून आपल्याच घरी यावं म्हणून. सुमनचं ताट मात्र घरोघरी फिरतंय, आणि तिला न ओळखणारी माणसं त्यात पोटभर जेवून उठताहेत.

घरी आलो आणि माळ्यावरची आईच्या नावाची ताटं खाली काढली. बायको दचकलीच. “अहो, आईंचं नाव आहे त्यांवर!”

“म्हणूनच देतोय,” मी म्हणालो. “आईला पंगत फार आवडायची. माळ्यावर एकटी काय करेल ती?”